नौपाड्यातील वनस्पतिजन्य प्रसाधनांचे दुकान: काय घ्यावे आणि काय फळीवरच राहू द्यावे

ठाण्यात नौपाडा भागात, राम मारुती रोड आणि गोखले रोड यांच्या मधल्या एका गल्लीत, वनस्पतींपासून मिळणारे सुगंध वापरून तयार केलेली त्वचेची प्रसाधने विकणारे एक लहानसे दुकान आहे. साबण, उटणे, गुलाबजल, चेहऱ्याचे क्रीम, चेहऱ्याला लावायचे तेल, मुरुमांवरचे जेल आणि ओठांचे मलम असा माल तेथे मिळतो. एकाही वस्तूत कृत्रिम सुगंध नाही, असा दुकानाचा मुख्य दावा आहे आणि वेष्टनांवरील घटकांच्या याद्या पाहता तो खरा दिसतो. परंतु त्या दाव्यावरून ही सर्व प्रसाधने त्वचेला सौम्यच असणार, असा जो निष्कर्ष ग्राहकाच्या गळी उतरवला जातो, तो मला मान्य नाही. म्हणूनच येथील मालाविषयी सरसकट मत देता येत नाही आणि प्रत्येक वस्तूचा निवाडा वेगळा करावा लागतो. दुकानाचे नाव मी दिलेले नाही, कारण असाच माल आणि असेच युक्तिवाद घोडबंदर रोडवरही ऐकायला मिळतात. माझे आक्षेप एका मालकापुरते नाहीत.

आधी दुकानाच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगते. प्रत्येक वस्तूवर उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि घटकांची पूर्ण यादी आहे आणि यादीत वनस्पतींची शास्त्रीय नावेही दिलेली आहेत. आपल्याकडच्या बहुतेक प्रसाधनांवर सुगंधाचा सगळा मामला ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅगरन्स’ या एका शब्दात उरकलेला असतो. येथे मात्र त्या यादीच्या शेवटी लिनॅलूल, लिमोनीन, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल अशी नावे स्वतंत्रपणे छापलेली आहेत. ही पद्धत युरोपातली. २००३ मध्ये युरोपीय संघाने ॲलर्जी घडवून आणू शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची यादी केली आणि त्यांचे प्रमाण त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यापेक्षा किंवा धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक असेल, तर त्यांची नावे वेष्टनावर देणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ऐंशीहून अधिक घटकांची करण्यात आली. आपल्या गल्लीतल्या एका लहान उत्पादकाने हा शिरस्ता पाळावा, ही कौतुकाची गोष्ट आहे.

गंमत अशी की, ही नावे कशासाठी छापली आहेत, याची कल्पना विक्रीच्या गल्ल्यावर कोणालाच नव्हती. मी विचारले तेव्हा तेथील तरुण विक्रेत्याने अत्यंत अदबीने सांगितले, “काकू, हे सगळं लव्हेंडरमध्येच असतं, आम्ही बाहेरून काहीच घातलेलं नाही.” त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. लव्हेंडरच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट या दोन संयुगांचा असतो, संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन नव्वद टक्क्यांच्या वर असते, लवंगेत युजेनॉल असते आणि गुलाबात सिट्रोनेलॉल व जेरॅनिऑल. ज्या संयुगांबद्दल ग्राहकाला सावध करायचे, तीच या वनस्पतींच्या सुगंधाचा गाभा आहेत. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अभिप्रायात माणसाला संपर्कजन्य ॲलर्जी करणारे म्हणून जे ८२ सुगंधी पदार्थ निश्चित केले, त्यांपैकी २८ थेट वनस्पतींचे अर्क आणि तेले आहेत. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे असेल, पण दारावरच्या पाटीवरील ‘केमिकल फ्री’ हे शब्द वाचून खडू घेऊन पाटी दुरुस्त करण्याचा मोह मला आवरावा लागला.

येथे प्रमाणाचे भान ठेवायला हवे. याच समितीच्या अंदाजानुसार युरोपातील सर्वसामान्य लोकसंख्येत सुगंधी घटकांची ॲलर्जी असणाऱ्यांचे प्रमाण १ ते ३ टक्के आहे; म्हणजे बहुसंख्य लोक ही प्रसाधने वापरतील आणि त्यांना काहीही होणार नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे, आणि त्याहून अधिक हा की आपण त्या उरलेल्यांत आहोत की नाही, हे आधी कळत नाही. सुगंधाचे रेणू आकाराने लहान आणि स्निग्धात विरघळणारे असतात, त्यामुळे त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून ते आत शिरू शकतात. आत गेल्यावर त्यांतील काही रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा या जोडगोळीला परकी समजून तिची ओळख नोंदवून ठेवते. ही नोंद होत असताना बाहेर काहीच दिसत नाही. कित्येक महिने, कधी कधी वर्षे, विनातक्रार वापरलेले क्रीम अचानक खाज आणू लागते ते यामुळे, आणि त्या वेळी माणूस नेमक्या त्याच क्रीमवर संशय घेत नाही, कारण ‘ते तर मी कधीपासून लावते आहे’ हे त्याच्याकडे तयार उत्तर असते.

आता वस्तूंकडे वळते. दुकानात सर्वाधिक खपणारी वस्तू म्हणजे लव्हेंडर आणि जेरेनियम यांच्या तेलांचे चेहऱ्याचे क्रीम. त्याचा पोत खरोखर उत्तम आहे. ते चेहऱ्यावर चिकट राहत नाही, जून-जुलैच्या दमट हवेतही जड वाटत नाही आणि सुगंध मंद आहे. तरीही मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही. ताजे लिनॅलूल ॲलर्जीच्या दृष्टीने फारसे उपद्रवी नाही. परंतु हवेतील ऑक्सिजनशी संबंध आला की त्यापासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात आणि ती मात्र प्रबळ ॲलर्जीकारक असतात. लिमोनीनचेही असेच होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. लव्हेंडरच्या तेलातच असे काही नैसर्गिक घटक असतील की जे हे ऑक्सिडेशन रोखत असतील, अशी एक समजूत होती. त्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की तसे संरक्षण त्या तेलात नाही आणि हवेच्या संपर्कात शुद्ध लिनॅलूलप्रमाणेच तेही बिघडते. शेंगदाण्याचे तेल खवट झाले की नाकाला लगेच कळते, तसे येथे होत नाही. सुगंध पुष्कळसा तसाच राहतो आणि बिघाड लक्षातच येत नाही.

या माहितीच्या प्रकाशात दुकानातील मांडणी पाहिली की चिंता वाटते. क्रीम रुंद तोंडाच्या काचेच्या डबीत आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झाकण उघडताच संपूर्ण पृष्ठभागाला हवा लागते. नमुन्याच्या डब्या तर दिवसभर उघड्या, प्रखर दिव्यांच्या झोताखाली मांडलेल्या असतात आणि त्यांच्यात बोटे बुडतात ती वेगळीच. यादीत टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, आहे आणि त्याने ऑक्सिडेशनचा वेग काहीसा कमी होतो. पण तेच क्रीम निमुळत्या तोंडाच्या धातूच्या ट्यूबमध्ये किंवा हवा आत न घेणाऱ्या पंपाच्या बाटलीत दिले, तर तक्रारीला फारशी जागा उरणार नाही. खर्च थोडा वाढेल खरा, पण सध्याच्या डबीवरची सुबक लाकडी झाकणेही काही फुकट येत नसतील.

क्रीमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. गोऱ्या कातडीवर ॲलर्जी लाल चट्ट्यांच्या रूपाने ठळक दिसते. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर हा लालसरपणा सहज नजरेत भरत नाही आणि दाह ओसरल्यावर मागे करडे-तपकिरी डाग राहतात. जपानमध्ये १९७० च्या दशकात त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसाधनांमुळे चेहऱ्यावर येणाऱ्या अशा काळसर डागांचा छडा लावला, तेव्हा कारणांमध्ये चमेली आणि इलँग-इलँग यांच्यासारख्या फुलांचे सुगंध निघाले. कित्येकींना तर खाजसुद्धा फारशी येत नाही, फक्त गाल आणि कपाळ हळूहळू काळवंडते. आपल्याकडे अशा डागांना सरसकट वांग म्हटले जाते आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एखादे सुगंधी क्रीम आणले जाते. याच दुकानात डाग घालवणारे म्हणून विकले जाणारे एक क्रीम आहे आणि त्यातही जेरेनियमचे तेल आहे. यापेक्षा अधिक काही त्याविषयी लिहिण्याची गरज नाही.

चेहऱ्याला लावायच्या तेलावर माझा आक्षेप याहून गंभीर आहे. ‘सकाळच्या तेजासाठी’ असे वेष्टनावर लिहिलेल्या या तेलात संत्रे, लिंबू आणि बर्गामोट यांच्या सालींची दाबून काढलेली तेले आहेत. बर्गामोट म्हणजे इटलीच्या कॅलाब्रिया भागात होणारे एक आंबट फळ. अर्ल ग्रे चहाला येणारा वास त्याचाच. सालीतून दाबून काढलेल्या त्याच्या तेलात बर्गाप्टेन नावाचे संयुग असते आणि त्वचेवर ते असताना अतिनील किरणांतील ‘ए’ प्रकारचा भाग पडला, तर त्वचा भाजल्यासारखी होते. ही ॲलर्जी नव्हे. यासाठी शरीराने आधी कसली नोंद घ्यावी लागत नाही, पुरेसे तेल आणि पुरेसे ऊन मिळाले तर कोणाच्याही बाबतीत पहिल्याच वेळी हे घडू शकते. परिणाम सुमारे एका दिवसाने दिसू लागतो, पुढे दोन-तीन दिवस वाढतो आणि मागे राहिलेला काळा डाग अनेक महिने टिकतो. उन्हात उभे राहून लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवर जे चट्टे उठतात, त्यांमागेही याच कुळातली संयुगे असतात.

सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इफ्राने, त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत बर्गामोटच्या अशा तेलाची मर्यादा ०.४ टक्के आणि दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाची २ टक्के ठेवली आहे. गोड संत्र्याच्या तेलावर उन्हाच्या कारणासाठी अशी मर्यादा नाही. बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गामोटचे तेलही बाजारात मिळते आणि लिंबाचे तेल ऊर्ध्वपातनाने काढले, तर ही जड संयुगे मागेच राहतात. म्हणजे निर्धोक पर्याय उपलब्ध आहेत. या बाटलीवर मात्र तेले ‘कोल्ड प्रेस्ड’ असल्याचे भूषण म्हणून छापले आहे, प्रमाण दिलेले नाही आणि उन्हाविषयी एका शब्दाचीही सूचना नाही. उलट, सकाळी लावा असे सांगितले आहे. सकाळी लावून स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्या, रिक्षातून उन्हाच्या बाजूला बसणाऱ्या किंवा गाडीच्या बंद काचेजवळ तासभर बसणाऱ्या बाईने काय करावे? साध्या काचेतून हे ‘ए’ किरण बऱ्यापैकी आत येतात. बाटली पारदर्शक काचेची आहे, त्यामुळे लिमोनीनच्या ऑक्सिडेशनबद्दल वर जे लिहिले तेही तिला लागू आहे. ही वस्तू आहे त्या रूपात विकली जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रेत्यांचे वागणे सौजन्याचे आहे, घाई करत नाहीत, न घेता बाहेर पडणाऱ्यालाही हसून निरोप देतात. त्यांना दिलेले शिक्षण मात्र अपुरे आहे. ग्राहकाच्या मनगटावर थेंबभर क्रीम लावून पाच मिनिटांनी “बघा ताई, काही झालं नाही ना?” असे विचारण्याची तेथे पद्धत आहे. संपर्कजन्य ॲलर्जीची प्रतिक्रिया एक ते तीन दिवसांनी उमटते. पाच मिनिटांत फार तर आग होते की नाही एवढेच कळते. रुग्णालयातील त्वचारोग विभागात पाठीवर पट्ट्या लावून जी चाचणी करतात, तिच्यातही पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासतात, ती याच कारणासाठी. घरी करायचे तर कोपराच्या आतल्या बाजूला छोट्याशा जागेवर दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर आणि शक्य तर दोन आठवडे ते क्रीम लावून पाहावे. दुकानाने यासाठी लहान पुड्या दिल्या तर ग्राहकाचे भले होईल. दुसरे म्हणजे, चेहऱ्याची आग झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका मुलीला “त्वचेतली घाण बाहेर पडते आहे, लावत राहा” असा सल्ला माझ्यासमोर देण्यात आला. हे धोक्याचे आहे. आग होऊ लागली किंवा खाज सुटली, तर प्रसाधन लावणे थांबवायला हवे.

मुरुमांवरच्या जेलमध्ये ५ टक्के टी ट्री तेल आहे आणि येथे वनस्पतिजन्य तेलाच्या बाजूने एक खरा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री तेलाची तुलना मुरुमांवरचे नेहमीचे औषध असलेल्या ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडशी केली होती. दोन्हींनी मुरुमे कमी झाली, टी ट्रीचा परिणाम सावकाश दिसला, पण कोरडेपणा आणि जळजळ त्यात कमी होती. तेव्हा हे जेल मुरुमाच्या जागेपुरते, पूर्ण चेहऱ्यावर न फासता, वापरायला हरकत नाही. हे तेलही जुने झाले की ऑक्सिडेशनने बिघडते आणि ॲलर्जीकारक होते, म्हणून ताज्या तारखेची ट्यूब मागून घ्यावी आणि उघडल्यावर वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये. हे जेल ट्यूबमध्येच मिळते. म्हणजे मालकाला ट्यूब ठाऊक नाही असे नाही.

ओठांचे मलम दालचिनी आणि पुदिन्याचे आहे. दालचिनीतील सिनॅमल हा जुन्या आणि बलवान ॲलर्जीकारकांपैकी एक असून, १९७० च्या दशकापासून त्वचारोगतज्ज्ञांच्या चाचणीच्या संचात त्याचा समावेश आहे. ते लावल्यावर ओठ जे भरल्यासारखे दिसतात, तो सौम्य दाह आहे. पुदिन्याचा गारवाही खरा नसतो. मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते एवढेच. घेऊ नये.

धुऊन टाकायच्या वस्तूंकडे आले की चित्र बदलते. वाळा आणि चंदनाचा साबण मला मनापासून आवडला. सुगंध त्वचेवर मिनिटभर राहून पाण्याबरोबर जातो, वाळ्याचे तेल ॲलर्जीच्या बाबतीत तसे गरीब मानले जाते आणि न्हाणीघरात मागे राहणारा तो मातकट दरवळ कोणत्याही महागड्या परदेशी साबणाला नाही. पारंपरिक साबण असल्याने तो अल्कधर्मी आहे आणि ज्यांची त्वचा मुळातच कोरडी आहे त्यांनी चेहऱ्यासाठी तो वापरू नये, अंगासाठी उत्तम.

उटणेही चांगले आहे. नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल आणि मुलतानी माती असे नेहमीचेच घटक आहेत. सुगंध सुक्या मुळांचा आणि सालींचा असल्यामुळे बाटलीतल्या अर्कापेक्षा कितीतरी पातळ असतो. बाजारातल्या काही मिश्रणांत बावचीही घातलेली असते आणि बावचीत उन्हाबरोबर त्वचेवर प्रतिक्रिया घडवणारे सोरालेन असते, म्हणून मी यादी नीट पाहिली. येथील उटण्यात ती नाही. दळण जरा जाडसर आहे, त्यामुळे चेहऱ्यावर चोळू नये. किंमत मात्र अवाजवी वाटते. हेच जिन्नस जांभळी नाक्याच्या बाजारातून आणून घरी कुटले तर निम्म्याहून कमी खर्चात भागेल, आणि चाळणी आपल्या हातात राहील.

गुलाबजल फुलांच्या ऊर्ध्वपातनातून मिळालेले आहे, पाण्यात अर्क टाकून केलेले नाही. गुलाबातील फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, म्हणून गुलाबजलाला वास त्याचा येतो आणि त्रासदायक ठरू शकणारी तेले त्यात फार थोडी उतरतात. यात परिरक्षक घातलेले आहे, याबद्दल एक गिऱ्हाईक नाराजी व्यक्त करत होते. माझ्या मते ते आवश्यकच आहे, कारण आपल्या हवेत परिरक्षकाशिवाय ठेवलेल्या फुलांच्या पाण्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

आणि आता ज्या वस्तूसाठी या दुकानात जावे असे मी म्हणेन, ती. सर्वांत खालच्या फळीवर, कोपऱ्यात, कोकमाच्या तेलाचे एक गंधरहित क्रीम ठेवलेले आहे. कोकणात ज्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात, तेच हे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, ग्लिसरीन आणि पाण्यात घोटून पातळ केलेले. यादीत एकही सुगंधी तेल नाही आणि वास लपवण्यासाठी घातलेला दुसरा वासही नाही. ‘बिनवासाच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ प्रसाधनांत तो असतो, म्हणून मुद्दाम सांगते. त्वचा मऊ राहते, चकाकी येत नाही. इसब असलेल्यांनी आणि लहान मुलांसाठी काही घ्यायचे असणाऱ्यांनी थेट हीच डबी मागावी. ती शोकेसमध्ये लावलेली नसते आणि विक्रेते आपणहून दाखवत नाहीत. “त्याला वासच नाही, काकू, कोणी घेत नाही,” असे कारण मला मिळाले. लव्हेंडरच्या क्रीमपेक्षा ती स्वस्त आहे. न उघडलेली वस्तू पावती दाखवून बदलून मिळते. दुपारी दुकान बंद असते, तेव्हा संध्याकाळी जावे.